तांबडा दिवा काय सांगतो?

डॅशबोर्ड हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडीच्या काळात घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल बग्गीत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढच्या बाजूला एक फळी किंवा चामड्याचा पडदा लावीत. तिचे नाव डॅशबोर्ड. पुढे घोडा गेला, इंजिन आले, फळी मात्र राहिली. तिच्यावर हळूहळू काटे, चकत्या आणि दिवे येऊन बसले. बाहेरचा चिखल अडवायचे काम सोडून ती आतल्या इंजिनाच्या खबरा सांगू लागली. आज मला बोलायचे आहे ते या खबरांविषयी, आणि त्यातही ज्यांचा अर्थ लागत नाही अशा खबरांविषयी. गाडी झकास चालली आहे आणि समोर पिवळा दिवा लागला आहे. सकाळी लागतो, दुपारी विझतो, पाऊस पडला की पुन्हा हजर. गॅरेजवाल्याकडे न्यावे तर त्याच्यासमोर शहाण्यासारखा गप्प बसतो.

मी कविता लिहिणारा, बी. ए.ला मराठी घेतलेला माणूस. मोटारीच्या विजेवर मी का बोलावे, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण कुर्ल्यातला आमच्या मामूंचा गाळा. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यातच होता. त्याच्या आसऱ्याने त्या भागात मोटारीचे सुटे भाग, भंगार, डेंटिंग, वायरिंग असे शेकडो लहानमोठे धंदे वाढले. मामू ऑटो इलेक्ट्रिशियन. शाळा सुटली की मी त्यांच्या गाळ्यात बसून अभ्यास करायचा, असा आईचा हुकूम होता. अभ्यास किती झाला ते सोडा, पण वीज कशी वाट काढते आणि कशी वाट चुकते हे मी तिथे पाहिले.

मोटारीत वीज आली कशी, ते आधी पाहू. सुरुवातीच्या मोटारींना हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे. हँडलने उलटा झटका दिला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग नावाचा अमेरिकन इंजिनीअर आधी डेटन शहरात रोकड मोजणारी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याचा खण विजेवर उघडावा म्हणून त्याने एक लहानशी मोटर बसवली होती. त्या मोटरला दिवसभर चालायचे नव्हते, क्षणभर जोर लावून थांबायचे होते. हाच विचार त्याने मोटारगाडीला लावला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत विजेवर सुरू होणारे इंजिन आले. आपण आजही ‘सेल्फ मारला’ म्हणतो, तो सेल्फ हा. त्यासाठी बॅटरी आली, बॅटरी भरायला डायनमो आला, दिवे विजेचे झाले. आणि एक नवी काळजी सुरू झाली. बॅटरी भरते आहे की रिकामी होते आहे, हे चालवणाऱ्याला कळावे कसे?

पहिले उत्तर होते काटा. अॅमीटरच्या मध्यभागी शून्य; काटा एका बाजूला झुकला तर बॅटरीत वीज जाते आहे, दुसऱ्या बाजूला झुकला तर बाहेर पडते आहे. हा काटा वाचायला थोडी समज लागे, पण तो पुष्कळ सांगे. दिवे लावले की तो थरथरे, सेल्फ मारल्यानंतर वर जाऊन हळूहळू खाली येई. रोज पाहणाऱ्याला त्याचा स्वभाव कळे आणि स्वभाव बदलला की तोही कळे.

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने काट्याच्या जागी दिवे बसवायला सुरुवात केली. तेलाचा दाब गेला की लाल दिवा, डायनमो बंद पडला की लाल दिवा. दिवा स्वस्त, बसवायला सोपा, आणि वाचायला काहीच शिकावे लागत नाही. जुन्या जाणत्या चालकांनी त्याला नाव ठेवले ‘इडियट लाइट’, म्हणजे बावळटांचा दिवा. नाव कुचकट असले तरी त्यामागची तक्रार खरी होती. काटा बिघाड होत असताना सांगतो. दिवा बिघाड झाल्यावर सांगतो, आणि तोही एकाच शब्दात. पण हेही खरे, की काट्याकडे न पाहणारे चालक पुष्कळ होते आणि लाल दिवा कोणालाही दिसतो. मला दोन्ही बाजू पटतात.

चार्जिंगच्या दिव्याची रचना मला फार आवडते. कोणीतरी आत बसून दिवा लावतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या दिव्याचे एक टोक चावीच्या बाजूने बॅटरीला जोडलेले असते, दुसरे डायनमोला. चावी फिरवली की बॅटरीकडे बारा व्होल्ट, डायनमोकडे शून्य. वीज वाहते, दिवा लागतो. इंजिन सुरू झाले, डायनमो फिरला, त्याची पातळी बॅटरीच्या बरोबरीला आली की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब. दोन हौदांतले पाणी एका पातळीत असेल तर मधल्या नळीतून पाणी वाहत नाही, तसेच. दिवा विझतो. म्हणून तो मंद पेटून राहिला तर समजावे की दोन्हीकडची पातळी थोडी कमीजास्त आहे. कार्बन ब्रश झिजले असतील, पट्टा ढिला असेल किंवा आतला एखादा डायोड गेला असेल.

डायोड आले ते अल्टरनेटरबरोबर. १९६० सालच्या क्रायसलर व्हॅलियंट गाडीपासून डायनमोची जागा अल्टरनेटर घेऊ लागला. त्यात या दिव्याला आणखी एक काम मिळाले. पुष्कळ अल्टरनेटर असे असतात की त्यांच्यात चुंबकत्व जागे करायला सुरुवातीची थोडी वीज लागते, आणि ती याच दिव्यातून जाते. दिव्याचा बल्ब उडाला तर काही गाड्यांत अल्टरनेटर जागाच होत नाही आणि बॅटरी मरते. निरोप आणणारा मेला म्हणून कामच थांबले! मामूंकडे बॅटरी सारखी उतरते म्हणून आलेल्या टॅक्सीत ते आधी चावी फिरवून तांबडा दिवा लागतो का ते बघत. इंजिन बंद असताना तो लागलाच पाहिजे. न लागणे ही तक्रार. लोक मात्र दिवा लागत नाही म्हणून खुशीत असत.

मुंबईच्या टॅक्सीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. फियाट ११०० डिलाइट १९६४ साली आली, १९७४च्या सुमारास तिची प्रीमियर पद्मिनी झाली. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. या गाडीत वायरी मोजक्या आणि डॅशबोर्डवरचे इशारे त्याहून मोजके. तरीही तिच्यात न उलगडणारे बिघाड होत, आणि त्यातल्या बऱ्याच बिघाडांचे मूळ एकच असे.

मोटारीत विजेला जायला वायर असते, परत यायला बहुधा नसते. परत येणारी वीज गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीकडे जाते. तांबे वाचते, वायरी निम्म्या होतात. याला इंग्रजीत अर्थ म्हणतात, म्हणजे पृथ्वी, आणि आमच्या गाळ्यात सगळे ‘अर्थ’ असेच म्हणत. “पहिला अर्थ बघ,” हे मामूंचे पहिले वाक्य. मराठीच्या वर्गात आमचे सरही तेच सांगत, त्यामुळे मला गंमत वाटे. पण गंमत बाजूला ठेवू. अर्थ तुटला की वीज थांबत नाही, ती दुसरी वाट शोधते. मागच्या दिव्याचा अर्थ गंजला असेल तर ब्रेक दाबल्यावर ती वीज शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटी शिरून बाहेर पडते. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. पाहणाऱ्याला वाटते इंडिकेटर बिघडला. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी जाड पट्टी तुटली तर सेल्फची शेकडो अँपिअर वीज क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून वाट काढते. केबल तापून धूर येतो, आणि मालक म्हणतो, अॅक्सिलरेटरला आग लागली. तक्रार एकीकडे आणि आजार दुसरीकडेच.

हे शोधायचे हत्यार काय? एक बल्ब, दोन वायरी, एका वायरीला टोचा. त्याला टेस्ट लॅम्प म्हणतात. त्याहून वरचे हत्यार मीटर. ब्रिटिश पोस्टखात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी या इंजिनीअरला तीन तीन उपकरणे बाळगायचा कंटाळा आला म्हणून त्याने अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत मोजणारा अॅव्हो मीटर तयार केला. तो १९२३ मध्ये बाजारात आला. अर्थ चांगला आहे का, हे त्या मीटरने असे पाहतात: इंजिन, दिवे, पंखा सगळे चालू ठेवायचे आणि बॅटरीचे ऋण टोक व इंजिनाचे अंग यांच्यात व्होल्ट मोजायचे. तिथे जवळजवळ काहीच दिसता कामा नये. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर वाटेत कुठेतरी गंज बसला आहे. गाडी बंद असताना हीच वायर नुसती तपासली तर चांगलीच दिसते. शंभर धाग्यांतला एक धागा शाबूत असला तरी मीटर ‘जोड आहे’ म्हणतो. ओझे टाकल्यावरच खरे कळते.

आता गोष्ट कॅलिफोर्नियाला नेतो, कारण आजचा पिवळा दिवा तिथून आला. लॉस एंजेलिसवर १९४०च्या दशकात डोळ्यांना झोंबणारे धुके उतरू लागले. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच जीवरसायनशास्त्रज्ञ तिथल्या कॅलटेक संस्थेत अननसाच्या स्वादावर संशोधन करीत होते. स्वाद पकडायची तीच विद्या त्यांनी हवेला लावली आणि १९५०च्या आसपास दाखवून दिले की मोटारींचा व कारखान्यांचा धूर उन्हात शिजून हे धुके तयार होते. पुढे राज्याने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमले, हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. धूर कमी करायचा तर पेट्रोल-हवेचे मिश्रण क्षणाक्षणाला नेमके हवे; ते कार्ब्युरेटरच्या स्क्रूने जमेना, म्हणून गाडीत संगणक शिरला.

या संगणकाला बिघाड सांगायचा तर डॅशबोर्डवर तोच एक दिवा. अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या १९८१ नंतरच्या गाड्यांत एक गमतीची सोय होती. डॅशबोर्डखालच्या खोबणीत दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि ‘चेक इंजिन’चा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे. एकदा, मग थांबून दोनदा, म्हणजे बारा. बारा म्हणजे इंजिन फिरत असल्याची खूण मिळत नाही. इंजिन बंद असताना बारा आले म्हणजे संगणक जागा आहे, पुढचे आकडे ऐका. काट्यावरून दिव्यावर आलेला मनुष्य आता दिव्याची लुकलुक मोजू लागला.

कॅलिफोर्नियाने १९८८ सालच्या गाड्यांपासून अशी स्वतःची तपासणी सक्तीची केली. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत एकाच घाटाची सोळा पिनांची खोबण आणि एकाच पद्धतीचे आकडे आले. त्याला ओबीडी-टू म्हणतात. भारतात बीएस-चार गाड्यांना एप्रिल २०१० पासून पहिल्या टप्प्याची आणि एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्याची ओबीडी लागू झाली. तुमच्या गाडीत स्टिअरिंगखाली वाकून पाहिलेत तर ती खोबण दिसेल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा पिवळा दिवा चालकाच्या सोयीसाठी नव्हे, हवेसाठी जन्मला. म्हणून गाडी उत्तम पळत असतानाही तो लागतो: टाकीचे झाकण नीट बसले नाही म्हणूनही काही गाड्यांत लागतो. तो लुकलुकू लागला तर मात्र इंजिन एखाद्या सिलिंडरवर चुकते आहे आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या आधीच्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळते आहे. तेव्हा पळवू नये. आणि तांबड्याची गोष्टच वेगळी. तेलाच्या भांड्याचे चित्र, जे मला लहानपणापासून अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखे दिसते, ते धावत्या गाडीत तांबडे झाले तर तिथेच कडेला घेऊन इंजिन बंद करावे. त्या दिव्यातून जिन निघत नाही, इंजिनाचा खर्च निघतो.

आकडे आले म्हणजे कोडे सुटले असे लोकांना वाटले. तसे झाले नाही. पी ०१७१ हा आकडा सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त आहे. एवढेच. तो ऑक्सिजन सेन्सर मोजतो म्हणून लोक सेन्सर बदलतात. दिवा चार दिवसांनी परत येतो, कारण हवा फाटलेल्या रबरी नळीतून शिरत असते आणि सेन्सर बिचारा खरे तेच बोलत असतो. पोलिसात वर्दी देणाऱ्यालाच कोठडीत टाकण्यातला हा प्रकार. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. त्याला बॅटरी, अल्टरनेटर, गंजलेले टर्मिनल आणि मामूंचा अर्थ, सगळे जबाबदार असू शकतात.

त्यात १९८६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने कॅन नावाची पद्धत जाहीर केली. वायरींची मोळी फार जाड होऊ लागली होती. कॅनमध्ये पीळ घातलेल्या दोन वायरींवर गाडीतले सगळे छोटे संगणक आळीपाळीने बोलतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक अवरोध. त्यामुळे बॅटरी सोडवून त्या खोबणीच्या सहाव्या आणि चौदाव्या पिनांत मोजले तर साधारण ६० ओहम यावेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे. पाच रुपयांचाही खर्च नाही, पण हा एक आकडा माहीत असला तर दिवसभराची धडपड वाचते. कॅनमुळे बिघाडाची तऱ्हाही बदलली. ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग असे पाच-सहा दिवे एकदम पेटतात आणि माणूस हबकतो. पाच वस्तू एकाच मिनिटाला बिघडत नाहीत. बहुतेक वेळा बॅटरी म्हातारी झालेली असते किंवा एखादा सामाईक अर्थ सुटलेला असतो. कमी व्होल्टेजवर हे संगणक तापात बरळणाऱ्या माणसासारखे एकमेकांवर आरोप करू लागतात. सगळे आकडे लिहून घ्यावेत, बॅटरी नीट भरावी, टर्मिनल घासावे, आकडे पुसून गाडी चालवावी, आणि कोणते परत येतात ते पाहावे.

आपल्याकडे याला पावसाची जोड आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. २२ जुलै २०२१ला आमचे चिपळूण बुडाले. गाडीतले पाणी ओसरते, गालिचे वाळतात, पण वायरीच्या आवरणाआत तांब्याच्या धाग्यांमधून पाणी वातीतल्या तेलासारखे वर चढते. चार-सहा महिन्यांनी जोडांत हिरवा थर धरतो. मग दमट हवेत दिवा लागतो, उन्हात विझतो.

चिपळुणातल्या माझ्या चुलतभावाच्या गाडीचे असेच झाले. एका अधिकृत वर्कशॉपने मुख्य संगणक बदलावा लागेल असे सांगून सत्तर हजारांवरचा अंदाज हातात दिला. आकडे दिवसागणिक बदलत होते, म्हणजे संगणकच वेडा झाला, असा त्यांचा तर्क. मामू आता नाहीत. गाळा त्यांचा मुलगा चालवतो. तो रमजान ईदला गावी आला होता. त्याने बापाचेच केले. इंजिन चालू ठेवून एकेक वायरीची मोळी हाताने हलवत गेला आणि मी मीटर धरून बसलो. चालकाच्या दाराखालच्या पट्टीत, गालिचाखाली, एका बोल्टला चार वायरींचा अर्थ एकत्र आवळलेला होता. बोल्ट हिरवागार. घासला, नवी थिंबळी लावली, ग्रीस लावले. दिवा अजून आलेला नाही.

त्याच्याकडे आता स्कॅनर आहे, पण तो सर्वसाधारण. इंजिनाचे आकडे वाचतो. एअरबॅग, ब्रेक किंवा चावीच्या संगणकाशी बोलायला कंपनीचे सॉफ्टवेअर लागते आणि ते बाहेरच्याला सहजी मिळत नाही. हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये मोटार दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला; सुटे भाग आणि बिघाड तपासायची साधने स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने मिळू देत नाहीत, हा ठपका होता. दंडावर अपिले झाली. ठपक्यातले मूळ मात्र कुर्ल्याच्या प्रत्येक गाळ्याला ठाऊक होते. काटा सगळ्यांना दिसत होता, लुकलुक तारेचा तुकडा असलेल्या कोणालाही मोजता येत होती. आता आकडा आहे, पण तो वाचायचा परवाना काहींकडेच आहे. शिकलेला हात आणि चाळीस वर्षांची नजर गाडीपाशी उभी असते, आणि गाडी तिच्याशी बोलत नाही.

मामेभावाने अलीकडे बॅटरीवरच्या गाड्यांचे काम शिकायला घेतले आहे. नारिंगी वायर दिसली की हात मागे, हे तिथले पहिले शिक्षण. तिच्यात शेकडो व्होल्ट असतात. पण त्या गाडीतही दिवे, कुलपे आणि संगणक यांच्यासाठी बहुधा बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असतेच, ती उतरली की लाखो रुपयांची गाडी जागची हलत नाही, आणि डॅशबोर्डवर भलतेच काहीतरी लिहून येते. मागच्या आठवड्यात अशीच एक गाडी टो होऊन त्याच्या दारात आली. मालक फोनवर कंपनीशी बोलत होता. भाऊ पुढचे झाकण उघडून त्या लहान बॅटरीच्या काळ्या वायरीचा माग काढत वाकला होता.